इंदूर ते मंडलेश्वर : दोन स्कूटर आणि तीन रस्ते

माझ्या दादाच्या मुलीला, मुक्ताला, मंडलेश्वरच्या न्यायालयात स्टेनोची नोकरी लागली आणि घरात पेढे वाटून व्हायच्या आत वादाला तोंड फुटलं. जिल्हा खरगोन असला तरी जिल्हा न्यायालय मंडलेश्वरला आहे, त्यामुळे राहायची खोली तिथेच बघायची होती. मुक्ताचं म्हणणं, आठवडाभर तिथे राहीन आणि शनिवारी स्कूटरने घरी येईन. दादाचं म्हणणं, अजिबात नाही. १८ जुलै २०२२ला इंदूरहून अमळनेरला निघालेली एसटी खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली, त्या दिवसापासून एबी रोडचं, म्हणजे आग्रा-बॉम्बे रोडचं, नाव काढलं की त्याच्या पोटात गोळा येतो. एवढी मोठी बस वाचली नाही, तिथे स्कूटरचं काय घेऊन बसलात, हे वाक्य आम्ही चार दिवस ऐकलं.

मी चोवीस वर्षं महूच्या पुढच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवलं. लोकमान्य नगरमधून रोज जाऊन-येऊन, स्कूटरवर, याच एबी रोडने. त्यामुळे दादाची भीती खोटी आहे असं मला म्हणवेना, आणि मुलीने जाऊ नये असंही म्हणवेना. शेवटी मी म्हटलं, "मी जाते हिच्याबरोबर. दोघी दोन गाड्यांवर. तीन दिवसांत तिकडचे रस्तेही बघतो आणि खोलीही. आल्यावर काय ते ठरव."

गुरुवारी संध्याकाळी मुक्ताची गाडी बघायला गेले तर डावा आरसाच नाही. पार्किंगमध्ये लागतो म्हणून काढून ठेवलेला. हेल्मेट अर्धं, नुसती टोपी. टायरमध्ये हवा मापली तर मागे १८. आमच्या दोघींच्याही गाड्यांना पुढे २२ आणि मागे एकट्याला २९ लागते. आमच्या स्कूटरचं मागचं चाक दहा इंचाचं आहे, ते मोटरसायकलच्या चाकासारखं खड्डा ओलांडून जात नाही, खड्ड्यात उतरतं. त्यात हवा कमी असेल तर पन्नासच्या वेगात मागची बाजू लगेच हलायला लागते. आरसा परत बसवला, मागचे ब्रेक-शू बदलून घेतले, आयएसआयचं पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घेतलं आणि स्पेअर पार्टच्या दुकानातून लाल-रुपेरी चमकणारी पट्टी आणली. ट्रकच्या मागे लावतात तीच. तिच्या गाडीच्या मागे, दोन्ही बाजूंना आणि हेल्मेटच्या पाठीवर चिकटवली. दादा दारात उभा राहून म्हणाला, "नव्या गाडीचं काय करून टाकलंस हे!" उरलेलं पट्टीचं भेंडोळं मी डिक्कीत टाकलं.

पहिला दिवस, शुक्रवार

पावणेआठला निघालो. आणखी लवकर निघता आलं असतं, पण जानेवारीत सातच्या सुमाराला राऊच्या पुढे मोकळ्या शेतांवर धुकं असतं आणि त्यात रात्रभर गाडी चालवलेले, झोपेला आलेले ड्रायव्हर असतात. तासभर थांबलं की दोन्ही संकटं कमी होतात. राजेंद्र नगरच्या अलीकडे पोहे खाल्ले, वर जिरावण मसाला आणि शेव, आणि मुक्ताच्या ओढणीचं टोक जॅकेटच्या आत खोचून घेतलं. आमच्या इंदूरच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात ते धुळीसाठी बरंच आहे, पण त्याचं मागे उडणारं टोक मला बघवत नाही. चाकात गेलं तर गळ्यालाच फास बसतो.

राऊ सुटलं की गाव संपतं आणि एबी रोड खऱ्या अर्थाने सुरू होतो. आता त्याचा नंबर ५२ आहे, पण आम्ही सगळे आग्रा-बॉम्बे रोडच म्हणतो. मी मुक्ताला पुढे घातलं आणि स्वतः मागे तीस-चाळीस मीटरवर राहिले. पुढे राहिलं की शिकवता येतं असं वाटतं, पण शिकणाऱ्याच्या चुका मागूनच दिसतात.

पहिली चूक लगेच दिसली. ती रस्त्याच्या अगदी कडेला, पांढऱ्या पट्टीवरून चालली होती. घाबरलेला माणूस तसंच करतो. पण कडेला वाळू असते, फुटलेल्या काचा असतात, ट्रकच्या रिमोल्ड टायरच्या निघालेल्या पट्ट्या पडलेल्या असतात, उलट्या दिशेने येणारे मोटरसायकलवाले असतात. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही कडेला गेलात की मागच्या कारवाल्याला वाटतं आपण त्याच लेनमधून निघून जाऊ. तो हातभर अंतरावरून जातो. सोनवायच्या टोलपाशी थांबवून तिला सांगितलं, "डाव्या लेनमध्ये राहा, पण ट्रकची डावी चाकं जिथून जातात त्या रेषेवर. तिथला रस्ता घासून साफ झालेला असतो. आणि मागच्याला तुला ओलांडायचं असेल तर त्याला लेन बदलावीच लागते."

"पण मग तो हॉर्न वाजवणार."

"वाजवू दे. म्हणजे त्याने तुला पाहिलंय."

टोलवर दुचाकीला पैसे नाहीत, बाजूच्या बोळातून निघायचं. पण निघाल्यावरचे पाचशे मीटर जपावे लागतात. आठ-दहा खिडक्यांतून सुटलेल्या गाड्या दोन लेनमध्ये शिरायला धावतात, कोणाचंच लक्ष डावीकडे नसतं. मी इतकी वर्षं तिथे एक काम करत आले, कडेला थांबून तो घोळका जाऊ द्यायचा. अर्ध्या मिनिटात रस्ता रिकामा होतो.

महूच्या अलीकडे एका फाट्यावर मी मुक्ताला पुन्हा थांबवलं. तिथे आता मोठं गोदाम आहे. २००९ साली याच फाट्यावर मी पडले होते. पुढे ट्रक होता. त्याने उजवीकडे घेतलं, डावीकडे भरपूर जागा झाली, मला वाटलं साईड देतोय, आणि मी डावीकडून आत शिरले. लांब ट्रकला डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे फाकावं लागतं, हे गणिताच्या बाईंना तेव्हा सुचलं नाही. तो वळला, मागच्या चाकांनी माझ्या गाडीचा आरसा आणि हँडल ओढलं, मी मातीत फेकले गेले. डावं मनगट मोडलं. ड्रायव्हरने मला उचलून महूच्या दवाखान्यात नेलं, दोन तास बाहेर बसून राहिला, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बहनजी, आप दिखी ही नहीं." मला त्याचा भयंकर राग आला होता. एवढी दिवसाढवळ्या शेजारून चाललेली बाई दिसली नाही म्हणजे काय? तो खोटं बोलतोय असंच मी पुढे खूप वर्षं धरून चालले.

मुक्ताने हे ऐकलेलं होतं, जागा पाहिली नव्हती. ती काही बोलली नाही, पण तिथून पुढे तिचं अंतर वाढलं.

मानपूरपर्यंत मी तिला एक हिशोब घातला होता, चहाच्या गुमटीवर तो सोडवून घेतला. ट्रक पन्नासने चाललाय, तू साठने. फरक तासाला दहा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. ट्रकच्या मागे वीस मीटर, ट्रकची लांबी बारा, पुढे परत लेनमध्ये यायला वीस. किती वेळ लागेल? तिने बोटांवर मोजून सांगितलं, "अठरा-एकोणीस सेकंद." आणि तेवढ्या वेळात तू रस्ता किती काटलास? तीनशे मीटरच्या वर. "बाप रे," ती म्हणाली. एवढा वेळ आपण त्याच्या अंगाला लागून चालणार, आणि आपल्या ११० सीसीच्या गाडीत अडचणीत पळून जायला जोर उरलेला नसतो. म्हणून पन्नासने चाललेल्या ट्रकच्या मागे चार सेकंदांचं अंतर ठेवून निवांत चालायचं. चार सेकंद मोजायचे कसे तेही शिकवलं. त्याचं मागचं चाक एखादा दगड किंवा खांब ओलांडतं तिथून मोजायला सुरुवात करायची, आपण त्या दगडापाशी पोचेपर्यंत. ट्रक पस्तीस-चाळीसवर आला असेल आणि समोर लांबवर रिकामं असेल तरच उजवीकडून ओलांडायचं. आणि एकदा निघालं की मधे रेंगाळायचं नाही.

मानपूरच्या पुढे माळवा संपतो. विंध्याचा कडा उतरला की खाली निमाड, आणि जानेवारीतसुद्धा हवा एकदम बदलते. हा उतार म्हणजे गणपती घाट. ट्रकचे ब्रेक जाऊन इथे इतके अपघात झाले आहेत की इंदूरच्या वर्तमानपत्रात या घाटाचं नाव वाचलं की पुढची बातमी न वाचता कळते. आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी वेगळा, कमी उताराचा रस्ता केला आहे, तरी उतार तो उतारच.

इथे स्कूटरची एक खोड माहीत हवी. गिअर नसतात. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि वेग फार कमी झाला की आतला क्लच सुटतो, मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, गाडी नुसती घरंगळते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणून उतारावर तीस-पस्तीसचा वेग ठेवायचा, ॲक्सिलरेटर जरासा धरलेला ठेवायचा, आणि दोन्ही ब्रेक दाबून सोडून, दाबून सोडून वापरायचे. सतत दाबून ठेवले की ड्रम तापतो आणि मग लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबली तरी गाडी थांबत नाही. निम्म्या घाटात मला ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आला. मी मुक्ताच्या बरोबरीला येऊन हाताने कडेला घ्यायची खूण केली. आम्ही रस्ता पूर्ण सोडून उभ्या राहिलो. मिनिटभराने मागून सोळा चाकांचा एक ट्रक आला, चाकांतून निळसर धूर निघत होता. तो आपला नीट खाली गेला, काही झालं नाही. पण उतारावर भरलेल्या ट्रकच्या पुढे राहायचं नाही, त्याला पुढे जाऊ द्यायचं, हे तिला त्या धुराने जेवढं समजावलं तेवढं मी समजावू शकले नसते.

धामनोदच्या ढाब्यावर आमचं मराठी ऐकून शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर वळला. "तुम्ही कुठल्या, ताई?" तो शिरपूरचा, पीथमपूरहून माल घेऊन भिवंडीला निघालेला. दोन बायका दोन स्कूटर घेऊन कुठे चालल्या याचं त्याला कुतूहल, आणि मला त्याच्या घाटातल्या कामाचं. तो म्हणाला, "डिझेल वाचवायला पोरं न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात, मग ब्रेक तापून जातात. ब्रेक गेला की आमच्या हातात फक्त हॉर्न राहतो. मागून एकसारखा, न थांबता हॉर्न आला तर मागे वळून बघत बसू नका. सरळ डावीकडे रस्त्याच्या बाहेर जा, खड्डा असला तरी जा."

मग मी त्याला २००९ची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली, चहा संपवला आणि मुक्ताला म्हणाला, "चल बेटा, वर चढून बघ."

मुक्ता केबिनमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसली. मी माझी स्कूटर ढकलत नेऊन ट्रकच्या डाव्या दरवाज्यापाशी लावली आणि हेल्मेट घालून तिच्यावर बसले. वरून आवाज आला, "आत्या, तू कुठे आहेस?"

मी दरवाज्यावर हात मारला. "इथे!"

"मला नाही दिसत. आरशात ढाबा दिसतोय."

मी गाडी पायाने मागे रेटत गेले, एक पाऊल, दोन, तीन. तिची हाक येत राहिली, "नाही... नाही..." पाच-सहा पावलं मागे गेल्यावर ती ओरडली, "दिसलीस! हेल्मेट दिसलं!" मग मी ट्रकच्या बरोबर मागे गेले. परत नाहीशी झाले. मागे मागे जात राहिले तरी नाही. उजवीकडे तीन पावलं सरकले तेव्हा उजव्या आरशात सापडले. शेवटी समोर, बंपरला खेटून बसले, तर तिला माझ्या हेल्मेटचा फक्त माथा दिसला, आणि तोसुद्धा तिने मान लांब केल्यावर.

मग मी वर चढले. तीन पायऱ्या, दुसऱ्या पायरीवर गुडघा कुरकुरला. मुक्ताने तिची स्कूटर डाव्या दरवाज्यापासून जरा मागे, बाहेरच्या बाजूला लावली. फाट्यावर मी साधारण तिथेच होते. मी डाव्या आरशात पाहिलं. ट्रकचा निळा पत्रा, ताडपत्रीची दोरी, लांबवर हातपंप आणि त्यावर पाणी पिणारं एक कुत्रं. त्या कोपऱ्यात वर एक छोटा गोल आरसा होता, त्यात सगळं जग वाकडं होऊन बसलेलं, आणि त्याच्या अगदी काठाला बोराएवढं काहीतरी लाल. माहीत होतं म्हणून ते मुक्ताचं जॅकेट आहे हे कळलं. चालत्या गाडीत, समोर रस्ता बघता बघता, नसतं कळलं. सोळा वर्षं ज्या माणसाला मी मनात खोटारडा म्हणत आले तो खरं बोलत होता. मी काही वेळ तशीच बसून राहिले.

शिरपूरचे दादा खालून म्हणाले, "ताई, आम्ही आरशात दर घडीला बघत नाही, समोर बघावं लागतं. मघाशी आरशात दिसलेली गाडी आता दिसत नसेल तर आम्ही धरून चालतो की ती मागे राहिली. तुम्हाला आमचा चेहरा आरशात दिसत असेल तर आम्हाला तुम्ही दिसता. चेहरा दिसेनासा झाला की तिथून निघा, पुढे नाहीतर मागे. आणि हॉर्न वाजवा, आम्हाला राग येत नाही." उजव्या इंडिकेटरचंही त्यांनी सांगितलं. मोकळ्या रस्त्यावर दिला तर 'या पुढे' असाही अर्थ असतो, पण जवळ ढाबा, पंप किंवा डिव्हायडरचा कट असेल तर ट्रक वळणार असंच समजायचं.

धामनोदहून डावीकडे महेश्वरचा रस्ता. संध्याकाळी घाटावर बसलो. अहिल्याबाईंच्या राजवाड्याखालच्या पायऱ्यांवर नर्मदेचं पाणी हलत होतं, आणि मुक्ता पाण्यात पाय सोडून विचारत होती, "आत्या, तो ड्रायव्हर तुला परत भेटला तर?" मला त्याचं नावही माहीत नाही. रात्री मंडलेश्वरला धर्मशाळेत उतरलो. खोली दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात ठरली, नदीच्या बाजूची, खाली गाडी ठेवायला ओटा असलेली.

दुसरा दिवस, शनिवार

मोकळा दिवस होता म्हणून रावेरखेडीला जायचं ठरवलं. थोरल्या बाजीरावांचं २८ एप्रिल १७४०ला नर्मदाकाठी तिथेच निधन झालं, एकोणचाळीसाव्या वर्षी. इंदूरच्या मराठी माणसाला इतक्या जवळ असून ती समाधी पाहिलेली नसते, मीही नव्हती पाहिली.

मंडलेश्वर ते बडवाह रस्ता दोन पदरी, मधे डिव्हायडर नाही, आणि इथे ट्रकपेक्षा कारची भीती जास्त. समोरून येणारी कार ट्रकला ओलांडायला आपल्या बाजूला येते आणि डिपर मारते. त्या डिपरचा अर्थ 'मी येतोय, तू बाजूला हो' एवढाच. मुक्ताला वाटलं तो आपल्याला पाहून थांबतोय. मी मागून हॉर्न दिला, ती कडेला गेली. पण डांबराची कड मातीपेक्षा वीतभर उंच होती, त्यावरून चाक तिरपं उतरलं असतं तर ती आडवीच झाली असती. पुढे मी तिला एकच सांगत राहिले. लांबवर समोरून ट्रक दिसला की त्याच्या मागे कार असणारच असं समजून आधीच वेग कमी कर, म्हणजे खाली उतरावं लागलं तरी सरळ, हळू उतरता येतं.

मोरटक्क्याच्या पुलावर वारा आडवा येतो. सनावदहून बेडियाला पोचायच्या आधीच डोळे चुरचुरायला लागले. बेडिया मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि हा मिरचीचा हंगाम. पोत्यांनी भरलेले पिकअप पुढे, त्यांच्यातून उडणारी लाल धूळ आमच्या तोंडावर. हेल्मेटची काच पूर्ण खाली केली तरी मुक्ताला शिंका थांबेनात. शिंक आली की डोळे मिटतात, आणि पन्नासच्या वेगात एका सेकंदात चौदा मीटर जातात. थांबलो, तोंड धुतलं, पिकअप निघून जाऊ दिले.

समाधीपाशी गर्दी नव्हती. दगडी तट, आत चौथरा, खाली नर्मदा. मुक्ताने चपला काढून नमस्कार केला. ज्या माणसाने आयुष्य घोड्यावर काढलं त्याच्याजवळ उभं राहून आम्ही दोघी बराच वेळ काहीच बोललो नाही.

परतताना उशीर झाला आणि चूक माझी होती. बडवाहहून मंडलेश्वरकडे येताना तोंड पश्चिमेला असतं. पाचनंतर सूर्य सरळ डोळ्यांत. आपल्याला त्रास होतो हे लगेच कळतं, पण मागून येणाऱ्यालाही तोच सूर्य डोळ्यांत असतो आणि त्या झगमगाटात आपण त्याला दिसत नाही, हे ध्यानात येत नाही. एका गावात किराणा दुकानापाशी अर्धा तास थांबलो, सूर्य टेकडीआड जाईपर्यंत. मग संधिप्रकाशात पस्तीसने निघालो, आणि तिथेच तो प्रसंग आला.

मुक्ताचा ब्रेक लाईट एकदम लागला. तिची गाडी जराशी हलली आणि थांबली. तिच्यापुढे दोन हातांवर रस्त्यातच कापसाची ट्रॉली उभी होती, चाक पंक्चर. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड लावलेले तेवढे. काळ्या ताडपत्रीखालून एक पांढरा पुंजका लोंबत होता, तो हलला म्हणून तिला दिसलं. पन्नासला असती तर... मी गाडी बाजूला लावली तेव्हा माझे हात थरथरत होते. शेतकरी आणि त्याचा मुलगा जॅक लावत होते. म्हातारा म्हणाला, "बत्ती खराब हुई गई, बेन." त्याच्यावर ओरडून काय होणार होतं? मुक्तानेच माझी डिक्की उघडली, चमकणाऱ्या पट्टीचं भेंडोळं काढलं, दाताने तुकडे तोडले आणि मोबाईलच्या उजेडात ट्रॉलीच्या मागच्या फळीवर तीन आडव्या पट्ट्या लावल्या. मागून आलेल्या जीपच्या दिव्यात त्या लांबूनच पेटल्या आणि जीप हळू झाली. आम्ही चाक बदलेपर्यंत तिथेच थांबलो, आमच्या गाड्यांचे मागचे दिवे त्या बाजूला करून.

तिसरा दिवस, रविवार

परत जायला जाम घाट घेतला. मंडलेश्वरहून महूला हा जवळचा रस्ता. ट्रक कमी, पण अरुंद, वळणावळणाचा, आणि रविवार असल्यामुळे इंदूरहून घाट बघायला निघालेल्या कारची रांग. वर चढताना आमच्या गाड्यांना तीसच्या पुढे दम नव्हता. वरून येणारे मात्र वळण कापत, आपल्या बाजूने उतरत होते. आंधळ्या वळणाआधी प्रत्येक वेळी हॉर्न, आणि डावीकडे राहायचं पण खडीवर जायचं नाही. एका वळणावर चार पोरांची कार पूर्ण आमच्या बाजूने आली. मुक्ताने काहीही न घाबरता, ब्रेक न दाबता, ॲक्सिलरेटर कमी केला, डावीकडे सरकली आणि थांबली. कार निघून गेली. मी मागून हे बघत होते. शुक्रवारी राऊला पांढऱ्या पट्टीवरून चाललेली मुलगी हीच का, असं मला वाटून गेलं.

वर जाम दरवाजा. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधला. माळव्यातून निमाडात उतरणाऱ्या वाटेवर दगडात उभं केलेलं दार. तिथे भुट्टा खात आम्ही ठरवलं. कामाच्या दिवशी उजेडात यायचं असेल तर जाम घाट. रविवारी आणि पावसाळ्यात एबी रोड. बडवाह-सनावदकडे कामाशिवाय नाही. सहाच्या पुढे निघायचं असेल तर त्या दिवशी निघायचंच नाही, तिथेच झोपायचं. हे शेवटचं मुक्ताने स्वतः सांगितलं, मी नाही.

महूपासून राऊपर्यंत मी पुढे झाले आणि तिला मागे ठेवलं. दर पाच-दहा सेकंदांनी आरशात बघत होते. ती तिथेच, डाव्या चाकाच्या रेषेत, दिवा लागलेला. राऊच्या अलीकडे एक ट्रक आमच्या दोघींच्या मधे आला आणि मुक्ता आरशातून गेली. पुढच्याच क्षणी त्याच्या मागून, उजव्या बाजूला, तिचा दिवा परत दिसला. त्याला आपण दिसावं म्हणून ती सरकली होती.

दीडला घरी पोचलो. वहिनीने पानं घेतली. दादा खाली गेला तो बराच वेळ वर आला नाही. मी गॅलरीतून वाकून पाहिलं. मुक्ताच्या गाडीच्या मागच्या पट्टीचा एक कोपरा घाटातल्या धुळीने सुटला होता. दादा रुमालाने ती जागा पुसत होता. मग त्याने अंगठ्याने तो कोपरा दाबून धरला, आणि वर न बघताच विचारलं, "हिला रुजू कधी व्हायचंय, सोमवारी का?"